मायच्या हातचे

माझ्या मायने कोणतीही वस्तू ज्या रूपात हाती आली त्याच रूपात कधी वापरली नाही. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी झिजली की तिच्यातला धड भाग कापून पाळण्यातल्या बाळासाठी दुपटे होई, आणि दुपट्याचेही दिवस भरले की चुलीवरचे भगुणे उतरवायला फडके होई. नव्या वस्तूंचीही यातून सुटका नव्हती. थोरल्या भावाने पहिल्या पगारातून आणलेल्या साडीचे काठ तिने महिन्याभरात उसवले आणि दुसऱ्याच साडीला लावले. भाऊ हिरमुसला, तेव्हा ती म्हणाली, "साडी चांगलीच होती रे बाबा, पण ह्या काठाला ती शोभंना."

गेल्या पौषात माय गेली. तिने पंचाहत्तरी ओलांडली होती, पण नेमके वय सांगता येत नाही. १९४८ साली, निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत, तिची आई गाव सोडून नातेवाइकांच्या आश्रयाला गेलेली असताना तिचा जन्म झाला, एवढेच आमच्या घरात सांगत. रझाकारांच्या भीतीने घरेदारे टाकून निघालेल्या माणसांकडून लेकीची जन्मवेळ टिपून ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही. पुढे शाळेने १ जून ही तारीख लिहून टाकली, आणि मराठवाड्यातल्या तिच्या पिढीच्या असंख्य माणसांप्रमाणे तिचाही वाढदिवस कागदोपत्री १ जूनला येत असे व कोणी तो साजरा करीत नसे.

तिचे माहेर अंबाजोगाईजवळचे. चौथीपर्यंत शाळा झाली आणि मग घरकाम, शेतकाम सुरू झाले. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी खादीच्या लांबलचक पासोडीवर 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिल्याची गोष्ट तिला तिच्या वडिलांनी लहानपणीच सांगितली होती. ऐकणाऱ्याला एरवी त्यातले अध्यात्म भावते. मायला त्यातले कापड भावले. एवढ्या मोठ्या कापडावर शाई फुटू न देता लिहायचे, तर त्याला आधी खळ कशाची दिली असेल, आणि लिहिताना कापड ताणून कसे धरले असेल, हा प्रश्न तिला आयुष्यभर पडलेला होता. गावात आलेल्या एका कीर्तनकाराला तिने तो भर बैठकीत विचारलाही होता. त्यांनी मायेचे आवरण आणि देहाची पासोडी यांवर सुंदर निरूपण केले, पण खळीचे काही सांगितले नाही, ही तिची तक्रार कायम राहिली.

लग्नानंतर ती औसा तालुक्यातल्या आमच्या गावी आली. माळवदाचे घर, पाच एकर कोरडवाहू जमीन, सासू-सासरे, दीर आणि एक थोरली जाऊ असा प्रपंच होता. पहाटे दोघी जावा जात्यावर समोरासमोर बसत. मायच्या तोंडी शेकडो ओव्या होत्या. काही माहेराहून आलेल्या, काही सासरी शिकलेल्या आणि काही दळता दळता तिनेच जोडलेल्या. गंगाखेडची जनाबाई ही तिची फार लाडकी, पण त्या भक्तीतही तिचा मिश्किलपणा सुटत नसे. जनीच्या दळणाला विठ्ठल धावून आला, तिच्या दळणाला मात्र जाऊबाईच आल्या आणि त्यांनी अर्धे पीठ सांडले, असे ती थोरल्या काकूंच्या देखत सांगे आणि काकू तिच्या पाठीत धपाटा घालत. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा सगळ्या बायका सुखावल्या आणि मायही सुखावली, कारण दळणाचे कष्ट काय असतात हे तिला चांगलेच माहीत होते. तरीही त्या काळात तिने एक ओवी जोडली होती:

गिरणीचं पीठ बाई निघतं गरमागरम
सुखदुःख ऐकायाचा गिरणीला नाही धरम

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ती फारशा काढीत नसे. थोरल्या भावाला झोळीत टाकून ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती आणि तिथे मिळणारी सुकडी निम्मी घरी आणत होती, हे मला काकूंकडून कळले. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी थापता थापता तुटायची, म्हणून माय त्या पिठात उकळते पाणी घालून ते बराच वेळ मळत बसायची, आणि भाकरीला चव नसली तरी ती वाटोळी झालीच पाहिजे असा तिचा हट्ट असायचा. उपाशी घरात भाकरीच्या गोलाईचा एवढा आग्रह कशासाठी, असे काकूंना तेव्हा वाटायचे. मला तो आग्रह मायच्या स्वभावाचा गाभा वाटतो. पोटाला किती मिळेल हे तिच्या हाती नव्हते. जे मिळेल ते कसे दिसेल, एवढेच तिच्या हाती होते, आणि तेवढे तिने कधीही सोडले नाही.

गोधडीविषयी मात्र सविस्तरच लिहायला हवे. आमच्या भागात थोरल्या बायका इरकली लुगडी नेसत. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले आणि दोन-दोन तुकडे लांबीने जोडले की एका गोधडीचा वरचा आणि खालचा पदर तयार होतो. मधल्या थरांत जुनी धोतरे, मऊ पडलेल्या चादरी, शाळेचे विटके सदरे, जे असेल ते जाते. चैत्र-वैशाखात रानातली कामे आटोपली की माय सारवलेल्या ओसरीवर हे थर अंथरी. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून, सुरकुती राहणार नाही अशा बेताने ती तळहाताने कापड मधून कडेकडे सारत जाई. हे सारणे हाच गोधडीचा निम्मा जीव, असे तिचे मत होते. टाके कोणीही घालील, पण आत एक चुणी राहिली तर ती निजणाऱ्याच्या पाठीला जन्मभर सांगत राहते.

टाके ती काठापासून सुरू करी आणि चौकोनात चौकोन घेत मध्याकडे येई. समोर काकू किंवा शेजारची कोणी बाई बसलेली असे. दोघींचे दोरे वेगळे, पण टाका मात्र एका मापाचा पडला पाहिजे. ज्या बाईचा टाका लांब पडे तिला माय चहा पाजून मानाने घरी पाठवी आणि रात्री कंदिलाच्या उजेडात तिचे टाके उसवून पुन्हा घाली. इरकलीचा तांबडा रेशमी पदर ती कधीही काठाला वापरीत नसे. रेशीम सुतापेक्षा आधी तुटते हे त्याचे व्यवहारी कारण. पण तो पदर ती बरोबर मध्यावर, छातीवर येईल अशा जागी चौकोन करून लावी, आणि त्याचे कारण विचारले तर, "निजल्यावर माणसाला दिसत नाही, पण पांघरूण घालणाराला दिसतंय की," असे उत्तर देई. मुलांना पांघरूण घालणारी तीच होती. त्या चौकोनाची एकमेव प्रेक्षकही, माझ्या हिशेबाने, तीच होती.

अलीकडे शहरांतल्या प्रदर्शनांत गोधड्या टांगलेल्या दिसतात आणि त्यांच्या शेजारी 'टाकाऊतून टिकाऊ' अशी पाटी असते. मला त्या पाटीचा राग येतो. आमच्या घरात टाकाऊ असे काही नव्हतेच. जे कापड मायने हाती घेतले ते टाकण्याचा विचार कोणाच्याही मनाला शिवला नव्हता. दुसरे असे की, त्या गोधड्यांचे टाके फार लांब असतात.

लग्नसराईत तिच्या हाताला वेगळी मागणी असे. नवरीच्या रुखवतासाठी गव्हले, मालत्या, नखुले, फणुले असे वळवट करायला गावातल्या बायका तिला बोलवायच्या. फणुल्यासाठी कणकेची लहानशी गोळी फणीवर दाबून ओढावी लागते, म्हणजे तिच्यावर रेघा उमटतात. नखुल्याला बोटाच्या नखाचाच ठसा लागतो. मायची नखुली इतकी एकसारखी असायची की एका घरच्या विहीणबाईंनी ती साच्यात केली असा आरोप केला होता. मायने त्यांच्यासमोर परात घेऊन बसून पसाभर नखुली करून दाखवली आणि वर त्यांनाही करायला शिकवली. हा प्रसंग गावात बरीच वर्षे सांगितला जात होता. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांना साडी नेसवण्याचे कामही तिच्याचकडे येई, आणि डब्यांवर रचलेल्या त्या उभ्या मूर्तींचा पदर ती असा सोडी की येणाऱ्या सवाष्णी हळदीकुंकू बाजूला ठेवून आधी निऱ्यांकडे पाहत.

आमचे वडील आम्ही शाळेत असतानाच गेले. त्यानंतरच्या वर्षांविषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण त्या वर्षांत माय सतत कामात होती आणि आम्ही तिला पाठमोरीच अधिक पाहिली. कोणाच्या तरी घरातले जुने शिवणयंत्र हप्त्याने घेऊन तिने झबली-टोपडी, झंपर, शाळेचे गणवेश शिवायला सुरुवात केली. शेती दिरांच्या मदतीने चालू ठेवली. तिघा भावंडांची शिक्षणे त्या यंत्रावर झाली, हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते आता मला गुळगुळीत वाटते. पण ते खरे आहे. त्या काळात ती कडक होती. अभ्यास न करणाऱ्याला ती मारीत नसे, त्याला काजांची दुरुस्ती करायला बसवीत असे. मला आजही काज उत्तम करता येतात, यावरून माझ्या अभ्यासाची कल्पना यावी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून माणसे दमून झोपलेली असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आमचे गाव वाचले. भिंतींना तडे गेले, माळवदाचा एक कोपरा खचला, पण माणसे सुखरूप राहिली. किल्लारीच्या पंचक्रोशीत आणि पलीकडे उमरगा तालुक्यात मात्र दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे भार झोपेतल्या माणसांवर आले आणि हजारो माणसे गेली. ज्या माळवदाने उन्हाळ्यात गारवा दिला त्यानेच जीव घेतला, असे तेव्हा लोक म्हणत. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गावातून भाकरी, चटण्या आणि कपडे जाऊ लागले. मायने कोठीतल्या उतरंडीमागची गोधड्यांची चळत काढली आणि घरात पांघरायला एकेक ठेवून बाकीच्या सगळ्या बैलगाडीत भरल्या. माझ्या लग्नासाठी म्हणून शिवून ठेवलेली, मध्ये दोन पदरांचे चौकोन असलेली गोधडीही त्यांत होती. मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा तिने पाहिला असावा. "कामून तोंड पाडूलालीस? तुला आणखी शिवून देते की. त्यांचं शिवणारंच गेलं असंल," एवढे बोलून ती गाडीवर चढली. पाऊस होता, आणि तिथे पत्र्याच्या निवाऱ्यात राहिलेल्या एका ओळखीच्या कुटुंबाने पुढे कित्येक वर्षे त्या गोधड्यांची आठवण काढली. माझ्या लग्नात मला तिने नवी गोधडी दिली, आणि तिच्यात तिच्या स्वतःच्या लग्नाचे लुगडे होते.

इथपर्यंतची माय ही आमची माय. भाऊ लातूरला स्थायिक झाल्यावर ती त्याच्याकडे राहायला गेली, नातवंडे झाली, आणि मग आमच्या डोळ्यांदेखत तिच्यातली दुसरीच बाई बाहेर आली. आमच्या वेळी तिने जे जे केले त्याला काही ना काही उपयोग होता. सुंदर असणे हा त्या वस्तूंचा चोरून ठेवलेला गुण होता. आजी झाल्यावर ती उघडपणे निरुपयोगी वस्तू करू लागली. चिंध्यांच्या बाहुल्या, आणि त्या बाहुल्यांना नेसवलेली बोटभर नऊवारी. काडेपेटीच्या डब्यांची उतरंड. पोळ्याला मातीचे बैल, पण जोडीतला एक बैल मुद्दाम मान वळवून मागे पाहणारा. तो मागे का पाहतो, असे माझ्या भाच्याने विचारले, तर ती म्हणाली की त्याचे वासरू मागे राहिले आहे. बैलाला वासरू कसे असेल, असे भाच्याने पुन्हा विचारले. त्यावर तिने सांगितले की हा बैल तसा आहे. आम्हा भावंडांपैकी कोणी हा प्रश्न विचारला असता तर आम्हाला काज करायला बसवले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी भावाला एकदा म्हटले की नातवंडांचे लाड तर सगळ्याच आज्या करतात, त्यात विशेष काय. भावाला ते पटले नाही, आणि विचार केल्यावर मलाही त्याचेच म्हणणे बरोबर वाटते. हे लाड नव्हते. पोटाची आणि पांघरुणाची काळजी संपल्यावर हाताला प्रथमच जी मोकळीक मिळाली, तिचा तो उपभोग होता, आणि नातवंडे हे त्याचे निमित्त होते. बाहुलीची एक निरी नीट पडेना तर ती रात्री उठून दिवा लावून बसे, तेव्हा नातवंडे केव्हाच झोपलेली असत.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी राहिले नाही. मांजरा धरण आटले, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. दहा टाक्यांची, पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली ती पहिली गाडी पाहायला शहर लोटले होते. घरात भाजी धुतलेले पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे पाणी संडासाला, असा क्रम मायने लावून दिला. हे तिला नवीन नव्हते. तिला अडचण वाटली ती सड्याची. दारात सडा घालायला पाणी नाही, आणि कोरड्या धुळीवर रांगोळी बसत नाही. मग तिने पलंगाची एक जुनी फळी घेतली, ती गेरूने रंगवली आणि रोज सकाळी त्या फळीवर रांगोळी काढून फळी दाराबाहेर टेकवून ठेवू लागली. उभ्या फळीवरून रांगोळी घसरू नये म्हणून तिने गेरूत थोडा डिंक घातला होता आणि तो ओला असतानाच ती रेघा सोडी. पाहता पाहता गल्लीतल्या चार-पाच घरांपुढे फळ्या दिसू लागल्या. टँकर यायच्या वेळी घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बायका एकमेकींच्या फळ्यांवर टीका करीत.

येळवसला मात्र तिला गावीच जायचे असे. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे सगळे लातूर रिकामे होऊन शेतात जाते. कडब्याची कोप, आत चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर. भज्जीत कोणती पालेभाजी किती आणि शेंगदाणे केव्हा घालायचे यावर मायचे आणि काकूंचे दरवर्षी मतभेद होत, आणि 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत कोपीभोवती फिरताना दोघी पुन्हा एक होत. शेवटच्या वर्षी तिला चालवत नव्हते, तेव्हा नातवंडांनी तिला खुर्चीसकट शेतात नेले. तिने खुर्चीतून कोपीची वीण पाहिली, एक पेंढी उलटी लागली आहे म्हणून सांगितले आणि ती काढून पुन्हा लावायला लावली.

त्यानंतर महिन्याभरात ती गेली. आजारपण लहानसे होते. तिच्या पेटीतल्या वस्तूंची वाटणी सुखाने झाली. बाहुल्या तेवढ्या नातवंडांनी कोणालाच दिल्या नाहीत.

शेवटच्या काही वर्षांत भाचीने तिला मोबाईलवर आवाज मुद्रित करून पाठवायला शिकवले होते, आणि माय पुण्याला शिकणाऱ्या माझ्या मुलीला पहाटे उठून व्हॉट्सॲपवर ओव्या पाठवीत असे; कधी एक, कधी सलग आठ-दहा. मुलीने त्या सगळ्या जपून ठेवल्या आहेत आणि सध्या ती त्या उतरवून काढते आहे. कोणत्या ओव्या परंपरेतल्या आणि कोणत्या मायने स्वतः जोडलेल्या, हे ओळखायला मी तिला अंबाजोगाईला मायच्या धाकट्या बहिणीकडे, माझ्या मावशीकडे घेऊन गेले. मावशीने कानाला मोबाईल लावून दुपारभर सगळ्या ओव्या ऐकल्या, डोळे पुसले, आणि मग ठामपणे सांगितले की यांतल्या निम्म्या तिच्या स्वतःच्या आहेत, ताईने त्या लहानपणीच चोरल्या, आणि गिरणीची ती ओवी तर शंभर टक्के तिचीच. काकूंचा याला सक्त विरोध आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती ओवी त्यांच्यासमोर, त्यांच्याच जात्यावर जोडली गेली. माझ्या मुलीने वहीत दोघींची नावे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले आहे, आणि येत्या येळवसला दोघींना एकाच कोपीत बसवायचे ठरले आहे.